कितव्या मात्रेला जमत नाही? घरी कथकचा रियाज कसा करावा

सांगलीत मी कथक शिकवते. बहुतेक मुली आठ-नऊ वर्षांच्या असताना येतात, हल्ली काही मुलगेही येतात, आणि संध्याकाळच्या शेवटच्या बॅचला नोकरी, घर, मुलांच्या परीक्षा सांभाळून येणाऱ्या बायका असतात. वयं वेगवेगळी, पण पहिल्या वर्षात सगळ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं: ‘ताई, मला हे जमतच नाही.’ त्यावर मी विचारते, ‘कितव्या मात्रेला?’ मात्रा म्हणजे तालाच्या मोजणीतला एक आकडा.

आधी सगळे गोंधळतात. मग पुन्हा करून बघतात, बोटांवर मोजतात आणि म्हणतात, ‘बहुतेक अकराव्या-बाराव्याच्या आसपास.’ इथून खरं शिकणं सुरू होतं. ‘जमत नाही’ म्हटलं की विषय संपला, पुढे करायला काही उरत नाही. ‘बाराव्या मात्रेला गडबडतंय’ म्हटलं की हाताला काम मिळतं. नाच शिकणारं मूल मेहनतीकडे कसं बघायला लागेल, हे मला वाटतं या एका सवयीवर ठरतं. ही सवय क्लासच्या तासाभरात लागत नाही, घरच्या रियाजात लागते. म्हणून घरी काय करायचं ते सविस्तर लिहिते आहे, शिकणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठीसुद्धा.

आधी तोंडाने, मग पायाने

कोणताही नवा तुकडा (नाचाची छोटी बांधलेली रचना) किंवा तिहाई (एकच बोल तीनदा येतो ती) मिळाली की घुंगरू बांधायची घाई करू नका. मांडी घालून बसा आणि हाताने ताल धरून बोल, म्हणजे नाचाची अक्षरं, म्हणा. यालाच पढंत म्हणतात. तीनताल सगळ्यांना माहीत असतो: 16 मात्रा, चार-चारचे चार विभाग, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, म्हणजे तिथे टाळी नाही. मधल्या मात्रा बोटांवर. हात चुकला तर तोंड थांबवायचं, तोंड चुकलं तर हात थांबवायचा. दोन्ही एकदम चालले तरच पुढे.

पढंतीचा कंटाळा मुलांना येतोच, कारण त्यांना नाचायचं असतं. पण ज्याला बोल म्हणता येत नाही त्याच्या पायाला नेमकं काय करायचंय हे ठाऊकच नसतं. मग पाय अंदाजाने पडतात, आणि अंदाजाने पडलेल्या पायाची चूक शोधता येत नाही.

एक साधी तिहाई घेऊन दाखवते. ‘तिग्धा दिगदिग थेई’, तीन मात्रांचा बोल, तीनदा. म्हणजे नऊ मात्रा. नवव्या मात्रेवर, खालीच्या जागेवर उचलायची. पहिला फेरा 9-10-11, दुसरा 12-13-14, तिसरा 15-16 आणि सम, म्हणजे तालाच्या पुढच्या फेरीची पहिली मात्रा. शेवटचा ‘थेई’ बरोबर समेवर येतो.

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात नवीन मुलं समेच्या आधीच पोचतात. ‘थेई’ पडतो, तबला अजून सोळाव्यावर असतो, आणि चेहरा पडतो. मग ती काय करतात? शेवटचा ‘थेई’ लांबवतात, तिसरा फेरा ओढूनताणून हळू करतात. समेवर चूक ऐकू आली म्हणून समेवर डागडुजी करतात.

चूक तिथे नसतेच. ती झालेली असते अकराव्या मात्रेनंतर. ‘तिग्धा’ भरलेला बोल आहे, ‘दिगदिग’ त्याहून भरलेला. ‘थेई’वर मात्र एकच ठोका आणि मग उरलेली मात्रा मोकळी. ती मोकळी जागा मुलांना सहन होत नाही. पाय आपटला की लगेच पुढचा ‘तिग्धा’ उचलतात आणि अर्धी मात्रा खाऊन टाकतात. दुसऱ्या ‘थेई’नंतर आणखी अर्धी. मिळून एक मात्रा गेली आणि समेच्या आधी पोचलो. विणताना टाका एका ओळीत सुटतो आणि भोक दिसतं बऱ्याच ओळींनंतर, तसं.

हे पकडायची खूण सांगते. तेराव्या मात्रेची टाळी दुसऱ्या फेऱ्यातल्या ‘दिगदिग’च्या पहिल्या अक्षरावर पडली पाहिजे. पढंत करताना तेवढंच बघा. टाळीच्या आधीच तोंडातून ‘दिग’ बाहेर पडला असेल, तर अकरावी मात्रा तुम्ही पुरती भरली नाही. ‘थेईऽऽ’ असं लांबवून म्हणा, त्या लांबणीत पूर्ण मात्रा बसवा आणि मग पुढे जा. समेची काळजी करायची गरज नाही, ती आपोआप येते.

हा शोध मुलीला स्वतः लागू द्यायचा. मी तयार उत्तर दिलं तर ती तिहाई सुधारेल, पुढची नाही. सहावीतली एक मुलगी आमच्याकडे आहे, ती आता चुकली की थांबते, हवेत बोट फिरवून मागे मोजते आणि म्हणते, ‘थांबा ताई, इथे नाही, आधीच काहीतरी झालंय.’ तिला मी काही बोलत नाही, तिची मोजणी पुरी होऊ देते.

तत्कार कुठे मोडतो

तत्काराचं, म्हणजे पायांच्या मूळ ठोक्यांचंही असंच आहे. ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ सगळे पहिल्याच महिन्यात शिकतात आणि मग वर्षानुवर्षं तोच घोटत राहतात. बराबरीत (मात्रेला एक ठोका) छान वाजतो, दुगुनही (मात्रेला दोन) ठीक. चौगुनीला (मात्रेला चार) गेलं की घुंगरांचा आवाज गढूळ होतो. मुलं म्हणतात, ‘माझे पाय जलद चालत नाहीत.’

पायांचा क्रम नीट बघा. उजवा, डावा, उजवा, डावा. मग डावा, उजवा, डावा, उजवा. म्हणजे चौथ्या मात्रेचा ‘तत्’ डाव्याने आणि पाचव्याचा ‘आ’सुद्धा डाव्याने. आठव्याचा ‘तत्’ उजव्याने आणि पुन्हा पहिला ‘ता’ उजव्याने. बाकी सगळीकडे पाय आलटूनपालटून पडतात, फक्त या दोन सांध्यांवर एकच पाय लागोपाठ दोनदा मारायचा असतो. लय वाढली की मोडतो तो हा सांधा, कारण त्या पायाला उचलून परत टेकायला दुसऱ्या पायाच्या निम्मासुद्धा वेळ मिळत नाही.

तेव्हा अख्खा तत्कार शंभरदा करण्यापेक्षा फक्त सांधा घ्या. ‘तत् आ’, ‘तत् आ’, डाव्या पायाने. थोडी विश्रांती. मग ‘तत् ता’, ‘तत् ता’, उजव्याने. पाय जमिनीपासून फार वर उचलू नका. उंच उचललेला पाय उशिरा परत येतो. तळवा पूर्ण टेकला पाहिजे, गुडघे सरळ पण ताठरलेले नकोत. मग सांध्याच्या आधीची एक मात्रा जोडा, नंतरची एक जोडा, शेवटी आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, पूर्ण करा. पाच-सात मिनिटांचं काम आहे, आणि तासभर पाय आपटून मिळणार नाही एवढा फरक यातून पडतो.

खूप वेळ केलं म्हणजे खूप मेहनत केली, ही समजूत घराघरात पक्की बसलेली आहे. ती मला मोडायची आहे. चुकीचा सांधा शंभरदा घोटला तर तो चुकीचाच पक्का होतो आणि नंतर सुटता सुटत नाही. बाहेर कुठे तीन-चार वर्षं शिकून आलेल्या मुलींचे असे पक्के झालेले दोष काढायला नव्याने शिकवण्याहून जास्त वेळ लागतो, हे कुठल्याही कथक शिकवणाऱ्या बाईंना विचारा.

लय कमी करणं ही माघार नव्हे

मोबाइलवर तबला-लेहऱ्याची (लेहरा म्हणजे तालाबरोबर फिरत राहणारी धून) ॲप असतात, त्यात मिनिटाला किती मात्रा ते ठरवता येतं. रियाज 60 वर सुरू करा. सेकंदाला एक मात्रा, म्हणजे बराबरीत सेकंदाला एक ठोका, दुगुनीत दोन, चौगुनीत चार. 80 वर नेलं की चौगुनीत सेकंदाला पाचाहून अधिक ठोके होतात. आकडा थोडाच वाढलेला दिसतो, पायाला तो भरपूर असतो.

लागोपाठ तीन आवर्तनं स्वच्छ गेली की चार-पाच मात्रांनी वाढवा. मोडलं की दहाने खाली या. खाली येताना मुलांना अपमान वाटतो, हे मी रोज बघते. शेजारची 90 वर करते आणि मी 64 वर? इथे शिकवणाऱ्याने आणि घरच्यांनी ठाम राहायचं असतं. ज्या लयीत चूक ऐकू येते तीच शिकण्याची लय. द्रुत लयीत चूक होते पण ऐकू येत नाही, नुसतं ‘काहीतरी बिघडलं’ एवढं कळतं.

ऐकण्यासाठी एक उपाय फार उपयोगी पडतो. फोनवर फक्त आवाज रेकॉर्ड करा, व्हिडिओ नको. डोळे मिटून ऐका. व्हिडिओत आपण आपला चेहरा, ओढणी, हात बघत बसतो. नुसत्या आवाजात घुंगरू खोटं बोलत नाहीत: डावा पाय हलका पडतो, थेई घसरतो, आवर्तनाच्या शेवटी लय पळते, सगळं कळतं.

पुण्या-मुंबईच्या ताईंकडे ऑनलाइन शिकणाऱ्या परदेशातल्या मराठी मुली हल्ली बऱ्याच आहेत. त्यांच्यासाठी एक गोष्ट: लेहरा नेहमी आपल्या बाजूला लावायचा, ताईंच्या बाजूला नाही. आवाज पोचायला जो उशीर होतो त्यामुळे त्यांच्या तबल्यावर तुम्ही कितीही बरोबर नाचलात तरी त्यांना ते मागे पडलेलंच ऐकू येतं, आणि मग नसलेली चूक दुरुस्त करण्यात तास जातो.

चक्कर आणि खडूची फुली

चक्कर शिकताना फरशीवर खडूने फुली काढा. डाव्या टाचेवर एक चक्कर घ्या, थांबा, खाली बघा. टाच फुलीवर आहे का? पुढे सरकली, बाजूला गेली? कुठे सरकलात यावरून वजन कुठे कललं ते कळतं. नजर एका ठिकाणी ठेवायची आणि मान सर्वात शेवटी वळवून सर्वात आधी परत आणायची. एक चक्कर फुलीवर संपल्याशिवाय दुसरं घेऊ नका. यूट्यूबवर एकाहून एक चक्करांचे व्हिडिओ बघून मुलं पहिल्याच महिन्यात गरगर फिरतात, त्यांना थांबवा.

वही

माझ्याकडे प्रत्येकीला शंभर पानी वही ठेवावी लागते. मागच्या बाजूला बोल, पुढच्या बाजूला रियाज. रियाजाच्या बाजूला रोज दोनच ओळी. पहिली: आज कुठे अडलं. दुसरी: काय करून बघितलं. ‘आज चांगला रियाज झाला’ असं लिहिलेलं मी खोडते. ‘तिहाई, 12वी मात्रा लवकर. थेई लांबवून म्हटला. 60 वर आला, 68 वर परत गेला’ असं हवं.

महिन्याभराने वहीतली रियाजाची जुनी पानं वाचायची. नाचातली सुधारणा इतकी हळू होते की करणाऱ्याला ती दिसतच नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीसाठी दहा वर्षांचं मूल रोज घाम का गाळेल? वहीत ती दिसते. ज्या ओळीसाठी जूनमध्ये रडू आलं होतं ती ऑगस्टमध्ये वाचताना मुलं हसतात. मोठ्या बायकांना तर वहीची जास्त गरज असते. ‘आता या वयात काय होणार’ हे त्या स्वतःलाच फार पटकन सांगून टाकतात. त्यांचे गुडघे मुलींसारखे नसतात, पण चूक शोधण्याची बुद्धी कितीतरी पक्की असते; पढंतीत त्या मुलींना सहज मागे टाकतात.

दुखणं आणि मेहनत

दोन्हींत गल्लत करू नका. पोटऱ्या भरून येणं, तळवे तापणं हे चालायचंच. पण नडगीच्या हाडावर बोट ठेवलं की कळ येत असेल, टाच सकाळी उठल्या उठल्या टेकवत नसेल, तर तत्कार बंद करून डॉक्टरांना दाखवायचं. त्या दिवसांत पढंत करा, हस्तकं (हातांच्या हालचाली) करा, गतनिकास (चालीचा प्रकार) सावकाश करा. ‘दुखलं तरी केलं’ याचं कौतुक माझ्या क्लासमध्ये होत नाही.

बऱ्याच घरांत सिमेंटवर बसवलेल्या टाइल्स असतात. आमच्याकडेही आधी शहाबादी होती. दोन्ही कडकच, अनवाणी पाय जोराने आपटायला बरी नाहीत. सतरंजी टाकाल तर ती सरकते आणि पाय मुरगळतो. लाकडी तक्तपोशी सगळ्यांना परवडत नाही. मग वेळ कमी ठेवा, ठोका हलका ठेवा, आधी घोटे फिरवून पोटऱ्या ताणून घ्या. लहान मुलांना घुंगरूही कमी बांधा. मोठे कलावंत एकेका पायात शंभराच्या वर घुंगरू बांधतात ते बघून हट्ट होतो, पण पंचवीस-पन्नास पुरेत. चूक तेवढ्यातही ऐकू येते. दोरीखाली मऊ कापड गुंडाळलं की घोटा सोलत नाही. आणि खाली राहणाऱ्यांचा विचार करून रात्री घुंगरू नकोच.

आईबाबांनी काय म्हणायचं

‘वा, किती हुशार!’ हे शक्यतो नको. 1998 साली अमेरिकेत क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या संशोधकांनी पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. काही मुलांना कोडी सोडवल्यावर हुशारीबद्दल शाबासकी दिली, काहींना मेहनतीबद्दल. नंतर अवघड कोडी देऊन मुद्दाम अपयश येऊ दिलं. हुशारीची शाबासकी मिळालेल्या मुलांनी लवकर नाद सोडला, त्यांना मजाही कमी आली. वर्गात मी हेच बघते. ‘हिच्या अंगात नाच आहे’ असं लहानपणापासून ऐकलेली मुलगी पहिल्या अवघड परणीला (पखवाजाच्या बोलांवरच्या रचनेला) सगळ्यात आधी खचते. अंगात आहे तर मग येत का नाही, या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसतं.

पण ‘किती मेहनत केलीस गं’ हेही मला पुरेसं वाटत नाही. तिहाई समेवर आली नाही हे मुलीला ऐकू आलेलं असतं. त्यावर मेहनतीचं कौतुक केलं की तिला कळतं, आईला समजलंच नाही, किंवा समजून खोटं बोलतेय. त्यापेक्षा विचारा: ‘आज कुठे अडलीस?’ ‘काय करून बघितलंस?’ तुम्हाला कथकमधलं काही कळत नसलं तरी चालतं. ती तुम्हाला समजावून सांगेल, आणि सांगताना तिलाच चूक सापडेल. रोज पाच मिनिटं तिच्यासमोर बसून सोळापर्यंत टाळ्या द्या, एवढी मदत कोणत्याही बाबांना करता येते.

तुलना नको, हे सांगायला नकोच. तरी सांगते, कारण गॅदरिंग जवळ आलं की पहिल्या ओळीत कोण यावरून घरोघरी वातावरण तापतं.

परीक्षांबद्दलही थोडं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंत आहेत आणि त्यांनी अभ्यासाला शिस्त येते, हे मी मानते. प्रात्यक्षिकाला परीक्षक हाताने ताल देऊन पढंत करायला लावतात, हे तर फारच चांगलं. पण दहावीच्या वाढीव गुणांसाठी दोन वर्षांच्या परीक्षा एका वर्षात उरकायची घाई सुरू झाली की मुलं तुकडे पाठ करतात, शिकत नाहीत. मी अशा मुलांचा फॉर्म भरत नाही. त्यावरून पालक नाराज होतात, काही क्लास बदलतात. त्याला माझा इलाज नाही.

कथक नृत्यांगना रोहिणी भाटे यांनी 1947 साली पुण्यात ‘नृत्यभारती’ सुरू केली तेव्हा त्या तेवीस वर्षांच्याही नसाव्यात, किंवा नुकत्याच झाल्या असाव्यात. संस्था काढून त्या थांबल्या नाहीत. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे पुढे वर्षानुवर्षं शिकत राहिल्या. शिकवणारी बाई स्वतः विद्यार्थिनी आहे, हे विद्यार्थिनींना समोर दिसत होतं. मीही मुलींसमोर माझी वही उघडी ठेवते. धमार तालाच्या चौदा मात्रांत माझं सध्या काय अडलंय ते त्यांना माहीत आहे.

अर्ध्या तासाची वाटणी

शाळा, शिकवणी, गृहपाठ यांतून अर्धा तास मिळाला तरी खूप आहे. पाच मिनिटं अंग मोकळं करा. पाच मिनिटं बसून पढंत. दहा मिनिटं एकच अडलेली जागा: फक्त ती, सावकाश, आवाज रेकॉर्ड करून. दोन जागा घेतल्या की एकही सुटत नाही. मग पाच मिनिटं तो तुकडा अख्खा, लेहऱ्यावर, न थांबता, चुकलं तरी पुढे जात. कारण रंगमंचावर मागे जाता येत नाही आणि चुकून पुढची सम पकडणं हेसुद्धा वेगळं शिकावं लागतं. वहीतल्या दोन ओळी याच पाच मिनिटांच्या शेवटी उभ्याउभ्या लिहून टाका.

एखाद्या दिवशी दहा मिनिटांनंतरही ती जागा सुटणार नाही. तिथेच थांबा. आणखी अर्धा तास ओढलात तर थकलेला पाय चूकच घोटतो. झोपा, दुसऱ्या दिवशी आधी पढंत करा; बऱ्याचदा सकाळी ती जागा निम्मी सुटलेली असते.

शेवटची पाच मिनिटं वही मिटा, फोन उलटा ठेवा आणि जे छान येतं ते नाचा. आवडता कवित्त (तालात बांधलेली कविता), पहिल्या वर्षाचा एखादा सोपा तुकडा, काहीही. त्यात मात्रा मोजू नका, आईनेही तेव्हा काही विचारू नये.